साथ ओसरल्यावर शहर कुणाचं ऐकतं?

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी काढलेला हुकूम महिनाभरही टिकला नाही. प्लेगचा संशय येईल त्या घरात आरोग्य खात्याच्या माणसांनी शिरावं, रोग्याला वेगळं काढावं आणि घरचे राजी नसले तरी त्याला इस्पितळात हलवावं, असा त्याचा मथितार्थ होता. आठच वर्षांपूर्वी झालेल्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याचा आधार होता, पोलीस दिमतीला होते. तरीही ऑक्टोबर संपता संपता साहेबांनी सूर खाली आणला. घरातच नीट वेगळं ठेवता येत असेल तर रोग्याला उचलून नेणार नाही, असं जाहीर झालं.

याचं उघड कारण सगळ्यांना दिसत होतं. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेले होते. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत चाळीचाळीत पसरली होती. पण स्नो यांना त्याहून मोठी धास्ती होती ती हलालखोरांची. रोज पहाटे घराघरातला मैला उचलणारी ही माणसं गाशा गुंडाळून गावी निघून गेली असती, तर मुंबई आठ दिवसांत राहण्याजोगी उरली नसती. कमिशनरनी ही भीती लपवलीही नाही. ज्या माणसांना शहर एरवी सावलीलाही उभं करत नव्हतं, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम मागे फिरला.

त्या इस्पितळाचं आजचं नाव कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण तिथेच आणले गेले.

या दोन साथींच्या मधे जवळजवळ सव्वाशे वर्षं गेली. या काळातला कारभार पाहिला की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. साथ चालू असते तेव्हा स्थानिक सत्तेला लोकांचं ऐकावंच लागतं, कारण लोकांच्या हाती हुकमाचे पत्ते असतात: निघून जाणं, रोग लपवणं, कामावर न येणं. साथ ओसरली की हे पत्ते निकामी होतात. मग शहर सावरण्याचे बेत आखले जातात, आणि त्या बैठकीत चाळीतला भाडेकरू, फेरीवाला किंवा मागे राहिलेली बाई यांना खुर्ची नसते. साथीशी कसं लढलो याच्या कथा आपण आवडीने सांगतो. त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांकडे कुणी फारसं बघत नाही. शहराचा चेहरा मात्र त्याच वर्षांत बदलतो.

प्लेगचं निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. ते म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीचे सभासदही होते, त्यामुळे २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी मांडवीतल्या तापाबद्दल जे सांगितलं ते थेट कारभाऱ्यांच्या कानावर गेलं. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. तिथे उंदीर पटापट मरत होते, हे लोकांनी पाहिलं होतं. पण रोग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमोंद याने कराचीत दाखवलं ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षं गेली. तोवर दोषी ठरले होते ते अंधार, ओल आणि घाण. म्युनिसिपालिटीने समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी गटारं धुण्याचा सपाटा लावला. गटारातले उंदीर त्यामुळे वर घरांमध्ये घुसले असावेत, असं पुढच्या अभ्यासकांना वाटतं.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक कोकण, घाट, गुजरात, कच्छ अशा आपापल्या वाटेला लागले होते. मागे राहिलेल्या कामगारांचा भाव इतका वधारला, की रोजचा पगार रोज हातात मिळेल तिथे ते जात, आणि गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर बोली लावून माणसं मिळवत.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला, अवघ्या चार कलमांचा. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि निवडून आलेली कॉर्पोरेशन बाजूला पडली. पुण्यात रँड यांची कमिटी बसली. तिने घातलेला धुमाकूळ, २२ जूनची रात्र आणि चापेकर बंधू हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं आहे. त्याच प्लेगात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हेही. त्या मानाने मुंबईतली एक गोष्ट कमी सांगितली जाते. बदनाम झालेल्या सरकारी इस्पितळांच्या जोडीला गटेकर यांच्या कमिटीने जातीजमातींना आपापली प्लेग इस्पितळं काढू दिली. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक, ओळखीची माणसं, हवा तर आपला वैद्य किंवा हकीम अशी सोय झाली. लष्करी माणसाने केलेली ही तडजोड होती. तत्त्व म्हणून तिच्यावर टीका करता येईल, पण रोगी लपवून ठेवण्याचं कारण तिने कमी केलं. तेच लशीचं. लस तयार करणारे हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतलं, तरी लोकांचा विश्वास बसला तो आगाखान यांनी सर्वांसमोर लस घेतली आणि त्यांचे हजारो खोजा अनुयायी पुढे आले तेव्हा. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात घरझडतीवरून दंगल उसळली, आणि त्यानंतर झडत्यांचा जाच बराच ओसरला.

म्हणजे दीड वर्षात सत्तेने तीन वेळा माघार घेतली आणि तिन्ही वेळा तिला लोकांनी भाग पाडलं. परकं, गोरं, संशयाने बघणारं सरकार होतं ते. तरीही.

आता त्यानंतरचं.

प्लेगने मुंबईचा व्यापार बसवला होता. परदेशी बंदरं मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहू लागली होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने १८९८ साली कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि शहर नव्याने बांधायला काढलं. रोगट ठरलेला भाग ताब्यात घ्यायचा, तो पाडायचा, रुंद रस्ते काढायचे, उरलेली जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, असे अधिकार ट्रस्टला मिळाले. भांडवल म्हणून सरकारच्या आणि कॉर्पोरेशनच्या मोकळ्या जमिनी दिल्या गेल्या, शिवाय कॉर्पोरेशनच्या तिजोरीतून दरवर्षी हिस्सा ठरला. ट्रस्टी मंडळात कॉर्पोरेशनने निवडलेले सभासद होते, पण बहुमत सरकारी अधिकारी आणि बंदर, व्यापार, गिरण्या यांचे प्रतिनिधी यांचं मिळून होतं.

हे काम कॉर्पोरेशनलाच का दिलं नाही? सरकारचं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. कॉर्पोरेशनमध्ये घरमालकांचा भरणा होता, आणि आपल्याच चाळी पाडायला ते कशाला हात वर करतील? पण याची दुसरी बाजू तितकीच खरी. १८८८ च्या कायद्याने कॉर्पोरेशनच्या ७२ पैकी ३६ जागा वॉर्डातल्या करदात्यांनी निवडायच्या होत्या.  प्लेगचं निमित्त होऊन शहराच्या जमिनीवरचा, म्हणजे खऱ्या सत्तेवरचा ताबा तिच्याकडून गेला, आणि भांडण चाळमालक विरुद्ध सरकार असं रंगलं. चाळीत राहणारा या भांडणात कुठेच नव्हता. त्याला ना कॉर्पोरेशनचं मत होतं, ना ट्रस्टमध्ये जागा.

ट्रस्टने पहिला हात घातला नागपाड्याला. मग मांडवी-कोळीवाडा आणि प्रिन्सेस स्ट्रीट, आणि आज ज्याला आपण सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो तो सँडहर्स्ट रोड. पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेले हे रस्ते नुसते रहदारीसाठी नव्हते. समुद्रावरचं वारं दाट वस्तीत शिरावं म्हणून ते तसे काढले. रोग अंधारातून आणि कोंदट हवेतून होतो या समजुतीचे ते दगडी पुरावे आहेत. समजूत अर्धवट होती, पण वारा खरा आला.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांचा उजेडावर फार भर. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. कल्पना सोपी आहे. तळमजल्यावरच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक तिरपी रेघ काढा. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल, तर त्या खोलीला आकाश दिसत नाही, दिसते ती समोरची भिंत. या कोनाचं गणित असं, की उंची अंतराच्या दुप्पट भरते. म्हणजे समोरची इमारत ६० फूट उंच असेल तर मधे ३० फूट मोकळी जागा हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींमध्ये भरदुपारी फिरताना तळमजल्यावर जो उजेड असतो, त्यामागे हा कोन आहे. पुनर्विकासात तिथे उभे राहणारे मनोरे पाहिले तर ऑर साहेबांनी कंपासपेटी मिटून ठेवली असती.

पण नियम नव्या घरांना. जुन्या घरांतून उठवलेल्यांचं काय? इथे ट्रस्टचा हिशेब फसला, आणि तो कसा फसला हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. जागा ताब्यात घेताना मालकाला भरपाई द्यायची ती मुख्यतः घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून. एका खोलीत जितकी माणसं कोंबाल तितकं भाडं जास्त, आणि भाडं जास्त तितकी भरपाई जास्त. म्हणजे ज्या गर्दीला रोगाचं मूळ म्हटलं, तिचाच मोबदला गर्दी करणाऱ्याला मिळत होता. खुद्द ऑर यांनी या पद्धतीवर टीका केली. भाडेकरूला काहीच मिळत नव्हतं. त्याची गिरणी किंवा गोदी चालण्याच्या अंतरावर असायला हवी, ट्रामचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून तो पाडलेल्या वस्तीतून उठून शेजारच्याच गल्लीत गेला. तिथली गर्दी वाढली. पुढे ती गल्ली रोगट ठरली.

ट्रस्टने स्वतःच्या चाळी बांधल्या: आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव, परळ अशा ठिकाणी. त्याच बीआयटी चाळी. खाजगी चाळींपेक्षा त्या बऱ्या होत्या, खोलीला खिडकी होती, पाण्याची आणि संडासाची सोय ठरलेली होती. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या फार कमी, आणि सुरुवातीच्या वर्षांत तर पाडणं आधी, बांधणं मागाहून. परळच्या पोयबावडीतल्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन दशकांहून अधिक काळ संसार केला. त्यांचं कितीतरी लेखन-वाचन तिथेच झालं. प्लेगनंतरच्या पुनर्रचनेतून देशाला काय मिळालं, याचा हिशेब करताना ही नोंद विसरू नये.

दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांतल्या मोठ्या योजनांनी मात्र वेगळीच माणसं वसवली. शेतजमिनी ताब्यात घेऊन आखलेल्या त्या प्लॉटांवर हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स उभे राहिले. रस्ते सरळ, झाडं रांगेत, घरं हवेशीर. राहायला आले कारकून, वकील, डॉक्टर. हे वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. मुंबईतल्या मराठी, गुजराती, तमिळ मध्यमवर्गाची निम्मी संस्कृती त्या गॅलऱ्यांमध्ये वाढली. पण ज्यांच्या मरणाच्या आकड्यांवर ट्रस्टचा कायदा मंजूर झाला, ती माणसं तिथे राहायला आली नाहीत. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी हिंदुस्थानात आल्यावर सरसकट पाडापाडीच्या या पद्धतीला विरोध केला. वस्ती उभीच्या उभी कापण्यापेक्षा नेमकं एखादं पडकं घर काढून, चौक मोकळा करून, लोकांना तिथेच ठेवून सुधारणा करता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईने त्यांना विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापनासाठी बोलावलं, आणि ट्रस्ट आपलं काम करत राहिला.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. मताधिकाराचा हिशेब याला जोडून पाहा. महिना १० रुपये भाडं भरणाऱ्याला कॉर्पोरेशनचं मत मिळालं १९२२ साली. चाळीतल्या एका खोलीचं भाडं सहसा त्याहून कमी होतं. प्रौढ मताधिकारावर पहिली महापालिका निवडणूक झाली १९४८ साली. म्हणजे ज्यांची घरं पडली त्यांना मत मिळालं तेव्हा पाडणारी संस्था विसर्जित होऊन १५ वर्षं लोटली होती.

मुंबईचा हा साचा पुढे कलकत्त्याने आणि इतर शहरांनी उचलला. नागपूर सुधार प्रन्यास त्याच घराण्यातला. महापालिका आणि प्रन्यास यांत कुणाकडे जायचं, गुंठेवारीचा कागद कुणाच्या टेबलावर आहे, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

उंदरांचंही सांगून टाकतो. रस्ते रुंद झाले तरी उंदीर हटले नाहीत. मुंबई महापालिकेच्या कीटकनियंत्रण खात्यात रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे कामगार अजूनही आहेत आणि रात्रीला ३० उंदीर असं त्यांचं मोजमाप असतं. प्लेगने शहराला दिलेली ही सर्वांत मुकाट आणि बहुधा सर्वांत नेमकी व्यवस्था.

१४ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी नियम जाहीर केले ते त्याच १८९७ च्या कायद्याखाली. कायदा जुना, पण तो वापरणाऱ्या वॉर्ड ऑफिसांची मदार पुन्हा लोकांवरच. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाखांच्या आसपास माणसं आणि बहुतेकांसाठी सार्वजनिक शौचालय. घरात वेगळं राहा हा सल्ला तिथे थट्टाच होती. जी-उत्तर वॉर्डाने तीन गोष्टी केल्या. साडेचारशेच्या घरातली शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. शाळा, क्रीडा संकुल, निसर्ग उद्यान अशा जागी विलगीकरण उभारलं. आणि वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन ताप तपासायला गल्लीत उतरवलं. ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण सरकारी पथकाला दार न उघडणारा माणूस आपल्या नेहमीच्या डॉक्टरला ताप सांगतो. रमझानच्या महिन्यात विलगीकरणातल्यांच्या रोजाची सोय पाहिली गेली, तेव्हा १८९७ च्या इस्पितळांमागचं शहाणपण महापालिकेने नकळत पुन्हा गिरवलं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

त्याच जुलैत झालेल्या मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या रक्ततपासणीत झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं आढळली. कौतुकाच्या भरात हा आकडा मागे राहिला. शौचालय सामायिक असलं की विषाणूही सामायिक होतो, हे त्याने सांगितलं होतं.

जूनपासून चोवीसही वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या. तपासणीचा अहवाल आधी वॉर रूमकडे, तिथून रुग्णाला फोन, मग गरजेप्रमाणे खाट. यामुळे ओळखीपाळखीवर खाट मिळवण्याचा रस्ता बराच अरुंद झाला. कोकणात वेगळंच नाट्य चाललं होतं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला वेशीवर थांबवून गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरत होतं. शाळेत पाणी कुणी भरायचं, डबा कुणी द्यायचा, हे सरपंच आणि गावची समिती ठरवत होती. २२ ऑगस्टला गणपती. दहा दिवस वेगळं राहायचं असेल तर १२ ऑगस्टच्या आत या, असा तोडगा निघाला. गावाची भीती आणि चाकरमान्याचा हक्क यांच्यामधला तो सौदा होता, आणि बऱ्याच ठिकाणी तो पाळला गेला.

पुन्हा तेच. साथीत ऐकणं भाग होतं, म्हणून ऐकलं गेलं.

ऐकण्याची हक्काची जागा मात्र त्याच वेळी बंद होती. मे २०२० मध्ये राज्यात ग्रामसभा स्थगित झाल्या. संसर्गाच्या भीतीने ते समजण्यासारखं होतं. मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका १५ जानेवारी २०२१ ला झाल्या. दुसऱ्या लाटेत सरकारने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस ५० लाख. हिवरे बाजारसारख्या गावांनी स्पर्धेच्या आधीच मेमध्ये गाव करोनामुक्त करून दाखवलं होतं. पण सावरण्यात पहिला येणाऱ्या गावासाठी कुठलंही बक्षीस नव्हतं, आणि काम तिथेच जास्त होतं.

ते काम कसं असतं, हे एकल महिलांच्या बाबतीत स्पष्ट दिसलं. नवरा करोनाने गेला. दाखल्यावर मृत्यूचं कारण करोना लिहिलेलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मिळणारे ५० हजार अडतात. सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायची आहे, सासरचे सही करत नाहीत. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर. पतपेढीचं कर्ज त्याने घेतलेलं, हप्ता तिच्या दारात. एकेका कागदासाठी ग्रामसेवक, तलाठी, तहसील, जिल्हा रुग्णालय. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एकल महिला पुनर्वसन समितीने हा प्रश्न लावून धरला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ‘मिशन वात्सल्य’ आणलं. त्यात तालुक्यालाच समिती बसवली, हे योग्य झालं. बाई मंत्रालयात जाऊ शकत नाही, तहसीलला जाऊ शकते. जिथे तहसीलदाराने समितीच्या बैठका मनावर घेतल्या आणि अंगणवाडी सेविकेने घरोघर जाऊन नावं काढली, तिथे काम हललं. बाकी ठिकाणी यादी फायलीत राहिली. आणि ज्या आशा सेविकांच्या जिवावर ही घरोघरची यंत्रणा उभी होती, त्यांना मोबदला वाढवून घ्यायला जून २०२१ मध्ये संपच करावा लागला. साथ चालू होती म्हणून त्या संपाला वजन आलं, हे हलालखोरांनी ओळखलं असतं.

शहरातल्या फेरीवाल्याचं दुखणं वेगळं. जून २०२० मध्ये त्यांच्यासाठी दहा हजारांच्या कर्जाची केंद्राची योजना आली. कर्जासाठी फेरीवाला असल्याचा पुरावा हवा आणि तो द्यायचा महापालिकेने. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजारांनी अर्ज भरले होते, त्यातले पंधरा हजारांच्या आसपास पात्र ठरले. म्हणजे वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर भाजी विकणारा माणूस महापालिकेला ओळखीचा आहे, पण तिच्या कागदावर तो कुणीच नाही. तिचा टेंपो माल उचलायला येतो तेव्हा मात्र बरोबर ओळखतो.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या त्या प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन गुंत्यात. करोनाचा दोष त्यात नाही. पण परिणाम असा, की साथीनंतर सावरण्याची जवळजवळ चारही वर्षं शहराने नगरसेवकाविना, प्रशासकाच्या सहीने काढली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं तोवर सहा हजार कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कंत्राटं निघाली होती, दिव्यांच्या माळांनी सजलेली सौंदर्यीकरणाची कामं झाली होती, आणि ‘आपला दवाखाना’ ही वस्तीपातळीवरच्या दवाखान्यांची योजनाही उभी राहिली होती. दवाखान्यांची कल्पना उत्तम. करोनाचा धडा कुणीतरी घेतला याचा तो पुरावा. तक्रार एवढीच, की रस्ता आधी की दवाखाना आधी, हे वॉर्डात विचारायला कुणी नव्हतं. माझ्या मते प्रशासकाची राजवट इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच जातीची. कामं भराभर होतात, आणि कुणाला उठवायचं हा निर्णयही तितक्याच भराभर होतो.

धारावीचंच पाहा. तिचा पुनर्विकास करोनाच्या कितीतरी आधीपासून रखडला होता, २०२२ च्या अखेरीस निविदा अदानी समूहाकडे गेली. आता वस्तीत प्रश्न एकच: पात्र की अपात्र? कोणत्या वर्षाचा पुरावा, तळमजला की माळा? अपात्रांसाठी धारावीबाहेर भाड्याची घरं असं धोरण आहे. २०२० मध्ये ज्या माळ्यावरच्या माणसाने सहकार्य केलं म्हणून जगाने कौतुक केलं, तोच माळ्यावर राहतो म्हणून बाहेर जाणार. नागपाड्यातून उठलेल्या गिरणी कामगाराला हे नवं वाटलं नसतं.

गावाकडे निदान ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कोरम भरो न भरो, प्रश्न विचारायचा कायदेशीर हक्क आहे. शहरातल्या मतदाराला असा हक्क आहे हेच बहुतेकांना माहीत नाही. महाराष्ट्राने २००९ साली महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, तिने कामांचा प्राधान्यक्रम सुचवायचा. ही सभा प्रत्यक्षात भरलेली किती जणांनी पाहिली आहे? नवे नगरसेवक आता निवडून आले आहेत. तुमच्या प्रभागातला किंवा प्रभागातली गणपतीच्या मंडपात भेटेल तेव्हा वर्गणीबद्दल नंतर बोला. आधी विचारा, क्षेत्रसभा कधी बोलावता? पुढची साथ यायच्या आत हे विचारून ठेवलेलं बरं.